वीजघरातली रात्र

मुळशी धरणाच्या काठी पावसाळ्यात रात्र लवकर पडते. ढग डोंगरावरून खाली उतरले की सहालाच अंधारून येतं, गुरं गोठ्यात जातात, सातला जेवणं उरकतात. आठनंतर अंगणाबाहेर पाऊल टाकायचं तर हातात बॅटरी आणि काठी लागते. साप, बिबट्या, निसरडी वाट ही कारणं बाप्यांना सांगावी लागतात. बाईमाणसाला कारण सांगायचीही गरज पडत नाही. दिवेलागण झाली की ती घरात. अशा घरात मी वाढले आणि तिशीच्या उंबरठ्यावर नोकरीसाठी बर्लिनला आले. तिथं शनिवारी रात्री अकरा वाजता लोक कपडे बदलून बाहेर पडायची तयारी करत असतात. त्या रात्रींबद्दल मला लिहायचं आहे. नाच आणि दारू त्यात कमी असेल. रात्री बाहेर पडलेली बाई घरी कशी पोहोचते, याबद्दल जास्त असेल.

आमच्याकडे रात्रीचं जगणं नव्हतंच असं मात्र नाही. कुणाच्या घरी लग्न झालं की खंडोबाचं जागरण असायचं. दिवटी पेटायची, दिमडी आणि तुणतुणं सुरू व्हायचं, वाघ्या-मुरळी रात्रभर गायचे आणि पहाटे लंगर तुटला की लोक उठायचे. त्या रात्री बायका अंगणात मांडी घालून उजाडेपर्यंत बसत आणि "झोपायला चला" असं कुणी म्हणत नसे. गौरी आल्या की तसंच. आई, काकू, शेजारच्या आत्या फुगड्या घालत. दिवसभर कामानं वाकलेल्या या बायका मध्यरात्री एवढ्या जोरात हसतात याचं मला लहानपणी नवल वाटायचं. पण या रात्री देवाच्या नावानं मिळालेल्या होत्या. देव उठला की मुभा संपली.

जत्रेची रात्र वेगळी. चैत्रात भैरवनाथाची पालखी निघायची, छबिना व्हायचा, तिथवर बायका असायच्या. मग तमाशा. गावातली चार जाणती माणसं पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन, तिथल्या राहुट्या हिंडून, सुपारी देऊन फड ठरवून येत. रात्री शेतात कनात लागली की गावातले बाप्ये तिकडे आणि आम्ही घरात. ढोलकी मात्र घरापर्यंत यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या व्हायच्या, तेव्हा आम्हा पोरींना लांबून बघायला मिळायचं: रात्रभर नाचलेल्या त्या बायका, चेहऱ्यावर उन्हानं ओघळलेला रंग, पायात शेरभर चाळ. सबंध गावात रात्री घराबाहेर असलेल्या बाया तेवढ्याच, आणि त्यांच्याबद्दल गाव काय बोलायचं ते मी ऐकलेलं होतं.

हिंजवडी आमच्याच तालुक्यात येते. पौडपासून डोंगराच्या एका वळणावर भाताची खाचरं आणि दुसऱ्या वळणावर रात्रभर उजळलेल्या काचेच्या इमारती, असा आमचा मुळशी तालुका आहे. मी इंजिनिअर झाले आणि तिथंच लागले. रात्रपाळीची विचारणा झाली तेव्हा माझ्या वडिलांनी, आण्णांनी, एकच वाक्य उच्चारलं, "ती पोरगी कंपनीच्याच गाडीत बसली होती." २००७ च्या नोव्हेंबरात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीने ठेवलेल्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला होता. पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक घरात ते वर्ष मुलींच्या बापांच्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. त्यानंतर गाड्यांचे नियम कडक झाले. शेवटच्या बाईला घरी सोडेपर्यंत गाडीत सुरक्षारक्षक असावा, हे कंपन्या पाळू लागल्या. राज्याच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, तिची सुरक्षा आणि घरापर्यंतची गाडी या गोष्टी मालकावर टाकल्या. मला दिवसपाळी मिळाली. घरी पोहोचेपर्यंत आई ओट्यावर उभी असायची.

बर्लिनला उतरले ते ऑक्टोबरात. पहिले काही आठवडे मी तिथं मुळशीचंच वेळापत्रक चालवलं. अंधार पडला की घरी, दार बंद, वरणभात. पण डिसेंबर लागला आणि तिथला सूर्य चारच्या आत मावळू लागला. मी कार्यालयातून निघायचे तेव्हा आकाश काळंभोर असायचं. दिवेलागणीला घरी परतायचा नियम त्या शहरात पाळायचा तर माणसानं सहा महिने घराबाहेर पडूच नये. माझ्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. पंच्याहत्तरीच्या पुढची असावी. रात्री नऊला ती कोट, टोपी घालून एकटी नाटकाला निघताना जिन्यात भेटायची. तिला अंधाराचं काही वाटायचं नाही, कारण तिच्या लेखी अंधार म्हणजे फक्त हवामान होतं. त्या बाईला बघून मी दाराची कडी काढली.

माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण मूळची इझमीरची. तिनं मला पहिल्यांदा शनिवारी रात्री बाहेर नेलं. वार्शाउअर श्ट्रासं स्टेशनवर उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि पुलावर आपल्या लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आधी असते तशी गर्दी. कोपऱ्याकोपऱ्यावर उशिरापर्यंत चालणारी किराणा दुकानं, त्यांना तिथं ‘श्पेटी’ म्हणतात, त्यांच्या बाहेर बाकडी टाकलेली आणि बाकड्यांवर लोक बाटल्या घेऊन गप्पा मारत बसलेले. रस्त्यावर बिअर पिणं तिथं गुन्हा नाही. मी पीत नाही. मैत्रिणीनं माझ्या हातात माटे नावाच्या झुडपाच्या पानांचं गार पेय दिलं. बर्लिनच्या क्लबांत नाचणारे निम्मे लोक त्याच्यावरच रात्र काढतात, असं तिचं म्हणणं.

मी मात्र पोरींकडे बघत होते. दोघीदोघी, चौघीचौघी आणि कितीतरी एकट्या. कानात बोळे, पायात जाड बूट, थंडीनं लाल झालेली नाकं. कुणी घाईत नव्हती. आपल्याकडे रात्री एकटी बाई रस्त्यानं जात असेल तर तिची चाल बघावी, ती कुठंतरी पोहोचायच्या बेतात असते, पदर आवळलेला, नजर सरळ. इथल्या पोरी नुसत्या रस्त्यात होत्या. मध्येच थांबत, मोबाइल बघत, परत फिरत. ते रेंगाळणं मी पुलाच्या कठड्याला टेकून खूप वेळ बघत राहिले.

बाटली संपली. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकणार तेवढ्यात मैत्रिणीनं हात धरला आणि बाटली डब्याच्या बाजूला जमिनीवर उभी करायला सांगितली. काचेच्या बिअरच्या बाटलीवर तिथं आठ सेंट अनामत असते, प्लॅस्टिकच्या बाटलीवर पंचवीस. रात्रभर काही माणसं या बाटल्या गोळा करत हिंडतात आणि सकाळी दुकानातल्या यंत्रात टाकून पैसे घेतात. डब्यात हात घालायची वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून बाटली बाहेर ठेवायची. थोड्याच वेळात एक म्हातारे गृहस्थ आले, नीट इस्त्री केलेला शर्ट, वर जुना कोट, हातात निळी मोठी पिशवी आणि छोटी विजेरी. त्यांनी विजेरीनं आधी बाकड्यांच्या खाली बघितलं, मग आमची बाटली उचलली, उरलेले चार थेंब गटारात ओतले आणि मान तुकवून पुढे गेले. शहराची मौजमजा आणि त्या माणसाचं म्हातारपण एकाच फुटपाथवर चाललेलं होतं. बर्लिनच्या रात्रीचं कौतुक मी करणार आहे, म्हणून हेही लिहायला हवं.

त्या रात्री एका क्लबच्या दारावरून आम्हाला परत पाठवलं. दारावरच्या माणसानं नुसती मान हलवली. कारण विचारायचं नसतं, अशी तिथली रीत. माझा रंग, माझे कपडे की आणखी काही, हे मला कळलं नाही आणि कळणारही नाही. मैत्रीण म्हणाली की हे रोजचं आहे, गोऱ्यांनाही होतं. तिचं बरोबर असेल. पण परदेशात नव्यानं आलेल्या माणसाला असा नकार जास्त लागतो, कारण तो नकार आपल्या सोयीनं कुठल्याही जुन्या जखमेवर जाऊन बसतो. आम्ही चालत श्प्रे नदी ओलांडली आणि क्योपेनिकर श्ट्रासंवर आलो.

तिथं एक प्रचंड इमारत आहे. पूर्व बर्लिनला वाफ आणि वीज पुरवणारं जुनं वीजघर. १९९७ मध्ये ते बंद पडलं. ‘ट्रेझॉर’ नावाचा क्लब २००७ पासून त्याच्या तळघरात आहे. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली तेव्हा शहराच्या पूर्व भागात कारखाने, गोदामं, तळघरं नुसती पडून होती. पोरांनी तिथं यंत्रं आणि स्पीकर नेले आणि टेक्नो संगीत तिथं वाढलं. हा क्लब १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या खोलीत सुरू झाला, म्हणून नावही तिजोरीचंच. नव्या जागेत येताना त्यांनी तिजोरीचे गंजलेले गज आणि कप्पेही बरोबर आणले. शहरातला सगळ्यात गाजलेला क्लब ‘बेर्गहाइन’, तोही १९५० च्या दशकातल्या एका वीजघरातच आहे.

ट्रेझॉरमध्ये शिरताना दारावरच्या मुलीनं माझ्या मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर गोल चिकट्या लावल्या. आत फोटो काढायचा नाही. हा नियम मला त्या संपूर्ण रात्रीतला सगळ्यात मोठा दिलासा वाटला. मी कशी नाचते, कुणाशेजारी उभी आहे, हे मुळशीतल्या कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर जाणार नव्हतं. लांब काँक्रीटचा बोगदा, धूर, लाल दिवा. मग आवाज. तो कानाला कळण्याआधी बरगड्यांना कळतो. गाणं नाही, शब्द नाहीत, एक ठेका, आणि त्या ठेक्यात फार सावकाश होणारे बदल. पहिली दहा मिनिटं मला काहीच उमगलं नाही. नंतर जागरणातली दिमडी आठवली. तिथंही तेच असतं, तोच ठेका इतका वेळ चालतो की माणूस त्याची वाट बघणं सोडून देतो, आणि त्यानंतरच अंगात काहीतरी हलतं. मी डोळे मिटून नाचले. माझ्या आजूबाजूला निम्म्याहून जास्त पुरुष होते आणि एकाचाही हात मला लागला नाही. कोपऱ्यात हाताला पट्टी बांधलेली दोन माणसं उभी होती. कुणाला त्रास झाला, कुणी अंगचटीला आलं, कुणाला गरगरलं, तर त्यांच्याकडे जायचं. त्यांचं काम तेवढंच.

त्या वीजघरात मी पुन्हा पुन्हा गेले, आणि प्रत्येक वेळी मला आमचं धरण आठवलं. मुंबईच्या गिरण्या आणि मुंबईचे दिवे चालावेत म्हणून मुळा नदीचं पाणी अडवायचं ठरलं. पूर्वेकडे वाहणारी ती नदी अडवून पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला कोकणात भिरा इथं सोडलं, आणि १९२७ पासून तिथं वीज होऊ लागली. मावळ्यांनी विरोध केला. १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून ‘सेनापती’ झाले. आमच्या बायकाही त्यात होत्या, तुरुंगात गेल्या. धरण झालंच. पन्नासच्या वर गावांची भातखाचरं पाण्याखाली गेली, त्यात आमच्या पणज्याचीही. आम्ही वर डोंगराच्या कडेला सरकलो. मुंबईच्या ज्या रात्री जगाला ठाऊक आहेत त्या या पाण्यावर उजळल्या, आणि आमच्या वाडीत आण्णा शाळकरी वयात कंदिलावर अभ्यास करत होते. शेतावर पाणी आलं ते पाहिलेली माझी पणजी आण्णांना सांगायची, की लांब मुंबईत उजेड पडावा म्हणून आपला उजेड गेला. माझ्यासारख्या मुलीनं एका बंद पडलेल्या वीजघरात रात्र आपली म्हणून मागून घ्यावी, यात मला न्याय वाटतो. तो छोटा आहे आणि फार लांब येऊन मिळाला आहे. पण आहे.

बर्लिनला ही रात्र फुकट मिळालेली नाही. १९४९ मध्ये शहर चार फौजांच्या ताब्यात असताना हाइन्झ त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्यानं अमेरिकन कमांडंटला गळ घालून पश्चिम भागातली खानावळी बंद करायची सक्तीची वेळ उठवून घेतली. तेव्हापासून तिथं एरवी रात्री अमुक वाजता खानावळ बंद करा असं नाही. २०१६ मध्ये कोर्टात ठरलं की क्लबमधलं संगीत हे संगीतच आहे आणि त्याच्या तिकिटावर कर मैफलीइतका, सात टक्के लागेल. २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आणखी साधं आहे. २०१८ मध्ये शहरानं क्लबांना भिंती आवाजरोधक करायला पैसे द्यायला सुरुवात केली, म्हणजे आत नाचणाराही नाचेल आणि शेजारी झोपणाराही झोपेल. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता हा नियम तिथं आहे, आपल्याकडेही २००० सालापासून अगदी तोच आहे. मुळशीत शनिवारी धरणाकाठच्या फार्महाऊसवर पुण्या-मुंबईची मंडळी डीजे लावतात आणि पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या काठावरच्या गोठ्यापर्यंत जातो. मला त्यांच्या नाचण्याचा राग नाही. त्यांची रात्र आमच्या झोपेतून काढून घेतलेली आहे, याचा आहे.

आणि परतीची वाट. शुक्रवारी-शनिवारी बर्लिनची भुयारी रेल्वे रात्रभर चालते. इतर रात्री तिच्या जागी बस धावतात. रात्री आठनंतर बसचालकाला सांगितलं तर तो दोन थांब्यांच्या मध्येही, सोयीची जागा बघून, पुढच्या दारातून उतरवतो. हा नियम मला कुणी सांगितला तेव्हा खरा वाटला नाही. एका रात्री अडीच वाजता बसमध्ये मी आणि मागे दोघं झोपलेले. माझं घर दोन थांब्यांच्या बरोबर मधोमध, बागेच्या कुंपणालगत, आणि तो तुकडा अंधारा. मी पुढे जाऊन मोडक्या जर्मनमध्ये चालकाला विचारलं. त्यानं आरशात बघितलं, "कुठल्या दाराशी?" एवढंच विचारलं आणि माझ्या घरासमोर बस उभी केली. मी कुलूप उघडून आत शिरेपर्यंत बस तिथंच होती. नियमात तेवढं थांबायचं लिहिलेलं नाही.

सगळं असं गोड नाही. कॉटबुसर टोरच्या जिन्यात पावडर विकणारे अंगावर येतात, तिथून मी रात्री जात नाही. एकदा एक माणूस दोन गल्ल्या माझ्या मागे चालला आणि मी श्पेटीत शिरून, दुकानदाराशी बोलत, तो जाईपर्यंत थांबले. म्हणून तर तिथं रात्री घरी पोहोचेपर्यंत फोनवर बोलत राहणारे स्वयंसेवक आहेत, आणि "लुइसा आहे का?" असं विचारलं की बारमधल्या माणसानं बाईला काही न विचारता मदत करायची, असा ठरलेला इशारा आहे. भीती तिथंही आहे. फरक हा की भीतीवर उपाय म्हणून बाईला घरात बसायला सांगितलं जात नाही. तिच्या वाटेवर माणसं उभी केली जातात.

मला त्या स्वयंसेवकांची गरज सहसा पडत नाही. उन्हाळ्यात बर्लिनचे दोन म्हणजे मुळशीचे साडेपाच. आई त्या वेळी चूल पेटवत असते. मी चालता चालता तिला फोन लावते. पहिल्यांदा तिनं घाबरून विचारलं, "काय गं, अजून झोपली न्हाईस?" मी म्हटलं, घरी चाललेय. "एकटी?" एकटी. मग ती बराच वेळ काही बोलली नाही, चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला, आणि म्हणाली, "बोलत ऱ्हा मग." तेव्हापासून ती गोठ्यात जाते, दूध काढते आणि मी तिला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत घरी पोहोचते. आण्णांना हे ठाऊक आहे. त्यांनी कधी काही म्हटलं नाही.

माझी चुलतबहीण सध्या हिंजवडीत रात्रपाळी करते. तिला कंपनीची गाडी आहे, रक्षक आहे, नोंदवही आहे. पण ती रात्र कामाची. काम संपल्यावर कोपऱ्यावर चहा प्यायला थांबायचं म्हटलं तर ना बस, ना दुसरी बाई. गाडी चुकली की रात्र संपेपर्यंत ती इमारतीत अडकते. पुण्यात हे जमणारच नाही असं मला कुणी सांगू नये. गणपती विसर्जनाला पुण्याची मेट्रो रात्रभर धावते आणि लाखो बाया-पोरी पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. एका रात्री जमतं ते शुक्रवारी-शनिवारी जमवायला काय लागतं, हे हिशेबानं बसून ठरवण्याजोगं आहे. पौडपर्यंत रात्री तासाला एक बस, तिच्या थांब्यावर दिवा, आणि चालकाला दोन थांब्यांच्या मध्ये थांबायची परवानगी. एवढंच मागायचं आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई बर्लिनला आली. जूनमध्ये तिथं साडेनऊपर्यंत उजेड असतो, तिला वाटायचं संध्याकाळ संपतच नाही. एका शनिवारी मी तिला त्या वीजघरात नेलं. नाचायच्या तळघरात नाही, वरच्या मोठ्या दालनात एक प्रदर्शन होतं तिथं. ती नऊवारीत, पायात माझे बूट, मान वर करून ते काँक्रीटचे खांब बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "भिऱ्याचं पण आतून असंच असंल का गं?" आम्हा दोघींपैकी कुणीच भिऱ्याचं वीजघर आतून पाहिलेलं नाही. बाहेर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. श्पेटीच्या बाकड्यावर बसून तिनं लिमलेट प्यायलं, रिकामी बाटली डब्याशेजारी उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरी बघत बसली. मी दोनदा म्हटलं, आई, निघूया. दोन्ही वेळा तिनं ऐकलं नाही. बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरून बसली, आणि घर जवळ आल्यावर मी चालकाला थांबवायला उठले तर माझा हात ओढून म्हणाली, "बस जरा. पुढच्या ठेसनापत्तूर जाऊ, चालत येऊ माघारी."